काळा तंतू आणि त्याचे कवच

बंगळूर म्हटले की मराठी श्रोत्यास प्रथम शहाजीराजांची जहागीर आठवते. त्या नगराच्या आग्नेयेस सर्जापूर या गावाकडे जाणारा रस्ता आज संगणक-उद्योगाच्या कचेऱ्यांनी आणि मोटारींच्या रांगांनी गजबजलेला असतो. सर्जापूर मात्र एके काळी तलम सुती वस्त्रांसाठी ओळखले जाई. आज या रस्त्यावरून जाणाऱ्या काही मौल्यवान मोटारींची बॉनेट, आरशांची आवरणे आणि मागील पंख हेही विणलेल्या कापडाचेच असतात, असे सांगितले तर नवल वाटेल. परंतु ते खरे आहे. ते कापड कार्बनच्या तंतूंचे असते. हा तंतू बलवान खरा. पण कवचावाचून तो निराधार आहे. त्याचा इतिहास म्हणजे एका अर्थी त्याच्या कवचांचाच इतिहास होय.

१८७९ साली एडिसनने सुती दोरा भाजून त्याचा कोळसा केला आणि त्यातून वीज खेळवून दिवा पेटविला. उघड्या हवेत तो तंतू क्षणात जळून गेला असता. म्हणून त्यास निर्वात काचगोलात ठेवावे लागले. हे त्याचे पहिले कवच. १९०५ साली शिवसमुद्रमच्या विजेने बंगळूर उजळले, तेव्हाही प्रकाशगोलांत सर्रास कार्बनचाच तंतू असे. पुढे टंगस्टन आले आणि हा तंतू विस्मृतीत गेला.

त्याचा पुनर्जन्म १९५८ साली झाला. अमेरिकेत रॉजर बेकन यास ग्रॅफाइटच्या केसासारख्या तंतूंत असामान्य बळ आढळले. लवकरच जपानमध्ये आकिओ शिंदो याने लोकरीसारख्या कृत्रिम धाग्यापासून कार्बनतंतू काढण्याची रीत शोधली, आणि १९६३-६४च्या सुमारास इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधकांनी तो अधिक मजबूत केला. परंतु नुसता तंतू कापडासारखाच लुळा. इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून, साच्यात दाबून, उष्णतेने घट्ट केला म्हणजे तो उभा राहतो. ताण सोसतो तो तंतू. त्यास जागच्या जागी धरते ती राळ. हे त्याचे दुसरे कवच.

या जोडीचे गुणदोष जगास दोन प्रसंगी दिसले. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या नव्या विमान-इंजिनास कार्बनतंतूंची पाती बसविली. पण पक्ष्याच्या आघाताच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. त्या इंजिनाच्या वाढत्या खर्चाखाली १९७१ साली कंपनीचे दिवाळे वाजले. उलट १९८१ साली इटलीतील मोंझा येथे जॉन वॉटसन याची मॅक्लॅरन शर्यत-मोटार कठड्यावर आदळून तिचे इंजिन तुटून पडले. तरी कार्बनतंतूंच्या सांगाड्यात बसलेला चालक सुखरूप बाहेर आला. तेव्हापासून मोटारींच्या जगाचा या वस्तूवर विश्वास बसला.

आपल्याकडे या विद्येचे माहेर बंगळूरच. १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा तेजस विमानाच्या अशा भागांच्या घडणीत मोठा वाटा आहे. २००१ साली प्रथम उडालेल्या या विमानाच्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन तंतू-राळेच्या अशा संयुक्त द्रव्यांचे आहे. २०२५ साली नाशिकजवळ ओझर येथेही त्याच्या बांधणीची शाखा सुरू झाली.

आता तिसरे कवच. राळेचा वैरी म्हणजे सूर्य. त्याच्या अतिनील किरणांनी राळ पिवळी पडते, खडबडते आणि अखेर तंतू उघडा पडतो. म्हणून तिच्यावर पारदर्शक रोगण चढवितात. कोकणातील कारागीर लाकडास तेल आणि चंद्रूस लावीत, त्यामागचे तत्त्व हेच होते. मोटारीचा असा भाग सावलीत, सौम्य साबणाने आणि मऊ फडक्याने धुवावा. पक्ष्यांची विष्ठा वाळू देऊ नये. तीव्र आम्ले वा द्रावणे लावू नयेत. खड्याने उडालेला टवका वेळीच बुजवावा. ॲल्युमिनियमशी तंतूचा प्रत्यक्ष स्पर्श झाला आणि ओल मिळाली, तर तो धातू झिजू लागतो. म्हणून मध्ये काचतंतूंचा थर घालतात.

परंतु खरी सावधगिरी चकाकीची नव्हे. पत्रा पोचला की पोचा दिसतो. धातू आपली जखम बोलून दाखवितो. कार्बनतंतूचा भाग मात्र वरून अभंग दिसत असता आतले थर सुटलेले असू शकतात. जाणता कारागीर त्यावर नाणे वाजवून पाहतो. खणखणीत नाद बद्द झाला की तो थांबतो, आणि शंका राहिली तर श्राव्यातीत ध्वनिलहरींनी आतील तपासणी करवितो. शोभेच्या आवरणाबाबत ही चूक पैशांवर निभावते. परंतु चाक किंवा सांगाडा यांसारख्या भार वाहणाऱ्या भागावर अपघातानंतर नुसते रोगण फासून तो पुन्हा विकला, तर त्याची किंमत पुढच्या मालकास प्राणांनी मोजावी लागेल. कवच हे तंतूच्या रक्षणासाठी असते. त्याची जखम झाकण्यासाठी नव्हे. मोटार घेणाऱ्याने आणि दुरुस्त करणाऱ्याने एवढा विवेक राखला पाहिजे.