निवांत दिवसाचा हिशेब



उन्हाळ्याच्या तोंडाशी रानातली कामं आवरतात. ज्वारी-हरभरा घरात आलेला असतो, पेरणीला अवकाश असतो. कुरडया, पापड, शेवया उरकल्या की एखादा दिवस असा मिळतो, की घरात पाहुणा नाही आणि कुठं लग्नालाही जायचं नाही. मग माळ्यावरचं गाठोडं खाली येतं. त्यात अर्धी राहिलेली गोधडी असते, उशीच्या अभ्र्यावरची अर्धवट वेल असते, बाळाच्या दुपट्याची एक कड शिवायची राहिलेली असते. दिवस मावळेपर्यंत एकेक काम हातावेगळं होतं. संध्याकाळी कुणी विचारलं, "आज काय केलंस?" तर आपलं उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, घरीच होते."

आमच्या गटाच्या बैठकीतही हे उत्तर पुष्कळदा ऐकू येतं. म्हणून आजच्या भाषणात आम्ही या 'काही नाही'चा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया आठवतात. पण सुईदोऱ्यालाही इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. प्रवरेच्या काठावरच्या नेवासे इथं १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. तिथं तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. त्या मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे अंश टिकून राहिले होते. त्यात कापसाचं सूत होतं आणि रेशीमही होतं. म्हणजे धागा काढण्याचं काम या मातीत तेव्हापासून चालत आलं आहे.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची रीतही जुनी. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. विनयपिटकात त्याची गोष्ट आहे. मगध देशातली बांध घातलेली शेतं पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला विचारलं, की असं चीवर करता येईल का? आनंदानं तसं शिवून दाखवलं. गोधडीवरची ठिगळं पाहिली की आपल्यालाही वाफे आणि बांध आठवतात, ते उगीच नाही.

जुन्या, जोडलेल्या कापडाच्या पांघरुणाला संस्कृतात 'कंथा' म्हणतात. त्याचंच बंगालात 'कांथा' झालं. आपल्याकडे गोधडी आणि वाकळ हे शब्द आहेत, सोलापूरच्या पलीकडे कर्नाटकात शिरलं की कौदी. नावं वेगळी, पण काम एकच: अंगावर विटलेलं कापड थर देऊन पुन्हा उभं करायचं.

आता हे काम नेमकं किती, ते पाहू. खाली एक जुनं लुगडं पसरायचं. सुरकुती राहू नये म्हणून कडांवर पाटा, वरवंटा, दगड ठेवायचे. त्यावर फाटकी धोतरं, सदरे, साड्यांचे धडके तुकडे नीट बसवायचे. कुठं जाड, कुठं पातळ होता कामा नये. वरून दुसरं लुगडं घालायचं आणि लांब टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत मध्याकडे यायचं. गोधडीत कापूस भरत नाहीत. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. जवळजवळ घातलेले टाके विरलेल्या कापडाला धरून ठेवतात, म्हणून एका जागी फाटलं तरी फाट पुढं पळत नाही. कापसाचे गोळे होण्याची भीती नसल्यानं गोधडी नदीवर नेऊन आपटून धुता येते. घट बसायच्या आधी गावोगाव गोधड्या धुतल्या जातात, त्या याच गुणावर.

आम्ही एका गोधडीचा हिशेब मांडून पाहिला. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे साधारण १८० बाय १२० सेंटिमीटर. दोऱ्याच्या ओळी दोन-दोन सेंटिमीटरवर धरल्या तर ६० ओळी झाल्या. प्रत्येक ओळ १८० सेंटिमीटरची, म्हणजे एकूण १०८ मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर १०,८०० टाके. पाच-सहा थरांतून मिनिटाला दहा टाके पडले, तर १,०८० मिनिटं म्हणजे १८ तास. रोज दुपारचे दोन तास मिळाले तर नऊ दिवस. यात कापड धुणं, उसवणं, थर बसवणं धरलेलंच नाही. जिला आपण 'काही नाही' म्हणतो, ती ही मेहनत आहे.

ही मेहनत करणाऱ्यांचं नाव मात्र क्वचितच राहिलं. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालातल्या सातगाव बंदराच्या भागात पिवळसर टसर रेशमानं भरलेल्या मोठ्या रजया तयार होत. पोर्तुगीज व्यापारी त्या जहाजातून युरोपात नेत. आज त्यांतल्या काही लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. त्यांवर शिकारीचे देखावे, गलबतं आणि पोर्तुगीजांची राजचिन्हं आहेत. घेणाऱ्याची खूण कापडावर उमटली, भरणारे हात मात्र निनावी राहिले.

पण एका बाईनं आपलं नाव राखलं. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे. ती मानदासुंदरी दासी या बाईनं वडिलांसाठी शिवली. गोरे साहेब, शिपाई असं आजूबाजूचं जग तिनं सुईनं काढलं आणि त्यातच आपलं नाव व वडिलांसाठीची अर्पणाची अक्षरं दोऱ्यानं लिहिली. ती राणी नव्हती की पुढारी नव्हती. नाव टाचलं म्हणून आज आपण ते घेऊ शकतो.

बिहारात सुजनी नावाची गोधडी आहे. बाळ जन्मलं की जुन्या साड्यांची सुजनी शिवायची, अशी तिथली रीत. मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसरा गावात १९८८ च्या सुमारास निर्मला देवींनी बायांना एकत्र करून हे काम पुन्हा उभं केलं. फुलापानांच्या जोडीला बायांनी हुंडा, मुलीचं शिक्षण असे घरातले आणि गावातले प्रश्न सुजनीवर काढले. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५ मध्ये निर्मला देवींना पद्मश्री जाहीर झाली.

नावाइतकाच दामाचाही प्रश्न आहे, आणि त्याची गोष्ट अहमदाबादची आहे. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा कामगार खात्यानं हरकत काढली. या बायांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? इलाबेननी उत्तर दिलं, की संघटना कुणाच्या विरुद्ध असावीच लागते असं नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. शेवटी नोंदणी झाली. पुढं याच संघटनेत चिंधीकाम करणाऱ्या बाया आल्या. गिरण्यांतून उरलेल्या चिंध्या व्यापारी त्यांना देत, त्या घरात बसून गोधड्यांच्या खोळी शिवत आणि नगावर मजुरी घेत. बायांनी मजुरी वाढवून मागितली, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणं बंद केलं. त्या मागं हटल्या नाहीत. त्यांनी स्वतःची सहकारी मंडळी काढली, तिचं नाव 'सबिना'. घरात बसून शिवणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे या बायांनी दाखवून दिलं. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यामागं 'सेवा'सारख्या संघटनांचा रेटा होता. भारतानं मात्र त्या करारावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

आपल्याकडे काय चित्र आहे? सुती लुगडी कमी झाली. घरोघरी सिंथेटिक साड्या आहेत. त्यांवर थर सरकतात आणि त्या घाम शोषत नाहीत. बाजारात पानिपतचं मऊ ब्लँकेट तयार मिळतं. प्रदर्शनात आम्ही गोधड्या मांडतो तेव्हा गिऱ्हाईक हात फिरवून म्हणतं, "जुन्याच तर साड्या आहेत, एवढी किंमत कशाची?" आणि कित्येकदा आपल्यातलीच एखादी लगेच किंमत उतरवते, कारण तिच्या मनातही ते 'काही नाही' बसलेलं असतं. किंमत साडीची नाही, १०,८०० टाक्यांची आहे, हे आधी आपल्याला पटलं पाहिजे.

सरकारी कागदालासुद्धा हे काम आता दिसू लागलं आहे. २०२४ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. घरच्या वापरासाठी वस्तू तयार करण्याला तर त्या पाहणीत वेगळा रकाना आहे. सरकार रकाना ठेवतं, मग आपल्या वहीत तो का नसावा?

म्हणून आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, विक्रीच्या प्रत्येक गोधडीमागं तासांची नोंद ठेवायची आणि किंमत सांगताना कापड, दोरा, तास असा हिशेब मांडायचा. दुसरी, गोधडी घरची असो की विकायची, एका कोपऱ्यात शिवणारीचं नाव, गाव आणि साल टाचायचं. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बाया 'कवंद' नावाची गोधडी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यांतले बरेच पोर्तुगीज अमलात गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. कवंदच्या चार कोपऱ्यांना त्या घडीच्या फुल्या लावतात. फुल्या नसतील तर गोधडी उघडी राहिली असं त्या मानतात. आपल्या गोधडीचा कोपराही नावावाचून उघडा समजू या. तिसरी, घरातल्या जुन्या गोधड्या धुवायला काढल्या की सासूबाईंना, आजीला विचारायचं: हे ठिगळ कुणाच्या लुगड्याचं, हा सदरा कुणाचा, शिवली कुणी? उत्तर वहीत उतरवून ठेवायचं. हा आपल्या गावचा इतिहास आहे, आणि तो सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात तुमचंही गाठोडं खाली येईल. काम पुरं झालं आणि कुणी विचारलं, "आज काय केलंस?" तर सांगा, "गोधडीचे तीन फेरे घातले, वेल पुरी केली, दुपट्याची कड शिवली." एवढं सांगायला वेळ लागत नाही.