नव्या अ‍ॅड अकाउंटवर पेमेंट अडकले तर काय करावे?

१४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या अनेक मंडळांत एकच प्रकार घडतो. कार्यक्रमाचे पोस्टर तयार असते आणि वर्गणीतून चार-पाच हजार रुपये फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीसाठी बाजूला काढलेले असतात. एखादा कार्यकर्ता रात्री बसून नवे अ‍ॅड अकाउंट उघडतो, कार्ड टाकतो आणि पोस्ट बूस्ट करतो. सकाळी पाहतो तर पेमेंट थांबवलेले, अकाउंटवर निर्बंध आणि जाहिरात बंद. कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला असतो आणि मंडळात प्रश्न सुरू होतात की पैसे गेले कुठे?

अशा वेळी पहिली शंका येते, ‘आपला विषय पाहूनच अडवले.’ ही शंका हवेतून आलेली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. बाबासाहेबांनी ती हकिकत पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये नोंदवून ठेवली. तो नकार माणसांनी विचार करून दिलेला होता. नव्या अ‍ॅड अकाउंटवरचा पेमेंट होल्ड मात्र बहुतेक वेळा यंत्रणेची आपोआप होणारी तपासणी असते. चोरीची कार्डे वापरून जाहिराती करणाऱ्या टोळ्या रोज नवी अकाउंट उघडतात, म्हणून प्रत्येक नवे अकाउंट संशयानेच पाहिले जाते. भेदभाव दिसला तर त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण त्याआधी अडथळा नेमका कुठे आहे ते शोधू या, कारण उपाय त्यावरच ठरतो.

अडथळा नेमका कोणता?

*बँकेकडून नकार.* रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड सुरुवातीला फक्त देशातील एटीएम आणि दुकानातील मशीनवर चालते. ऑनलाइन वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आपणच सुरू करायचा असतो आणि त्याची लिमिटही आपणच ठरवायची असते. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायचे असतील तर ई-मॅन्डेट लागतो. हे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची अशी वसुली ओटीपीशिवाय होऊ शकते; त्यापुढे दर वेळी ओटीपी द्यावा लागतो. मॅन्डेट नसेल तर पेमेंट फेल होते आणि दोष आपण फेसबुकला देत बसतो.

*कार्डाची तपासणी.* कार्ड जोडताना छोटी रक्कम तात्पुरती अडकवली जाते आणि नंतर सुटते. हा खर्च नाही. खजिनदाराला तो आधीच सांगून ठेवावा.

*थकबाकी.* ‘आधी जाहिरात, मग पैसे’ अशा अकाउंटवर सुरुवातीची बिलाची मर्यादा लहान असते. तेवढा खर्च झाला की लगेच पैसे कापले जातात. वेळेवर पेमेंट होत राहिले तर मर्यादा वाढत जाते. एक पेमेंट फेल झाले तर बाकी भरेपर्यंत सगळ्या जाहिराती थांबतात.

*संशयास्पद हालचाल.* अकाउंट आजच उघडले आणि आजच मोठे बजेट टाकले, एकामागून एक तीन कार्डे लावून पाहिली, एकाच दिवशी नागपूर, पुणे आणि मुंबईतून तिघांनी लॉगिन केले, व्हीपीएन चालू ठेवला, यांपैकी काहीही झाले तरी यंत्रणा खाते थांबवून ओळखपत्र मागू शकते.

*जाहिरातीची तपासणी.* हा पेमेंट होल्ड नाही, पण अनेकांची गल्लत इथेच होते. तपासणी साधारण २४ तासांत होते, कधी जास्त वेळही लागतो.

आपल्या विषयांत हमखास होणाऱ्या चुका

‘तुम्ही बौद्ध आहात का? मग या मेळाव्याला या!’ असे वाक्य जाहिरातीत चालत नाही. वाचणाऱ्याचा धर्म किंवा जात आपल्याला ठाऊक आहे असे सुचवणारा मजकूर नियमात बसत नाही. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त व्याख्यान, सर्वांना निमंत्रण’ असे लिहिले तर अडचण येत नाही. वधू-वर मेळाव्याच्या जाहिरातीतही हे पथ्य पाळावे. जानेवारी २०२२ पासून धर्मावर आधारित बारीक निवडीचे पर्यायही काढून टाकले आहेत. त्यामुळे शहर, वय, भाषा आणि पुस्तकवाचनासारखी आवड यांवरूनच लोक निवडावे लागतात.

दुसरी बाब सामाजिक आणि राजकीय जाहिरातींची. आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी कायदा, निवडणूक, नागरी हक्क अशा विषयांवरची जाहिरात वेगळ्या वर्गात मोडू शकते. भारतात अशा जाहिरातीसाठी ओळख आणि पत्ता पडताळून घ्यावा लागतो आणि जाहिरातीवर ‘पैसे कोणी दिले’ हे छापावे लागते. या जाहिराती सार्वजनिक संग्रहात सात वर्षे राहतात. पडताळणी एका रात्रीत होत नाही. जाहिराती वारंवार नाकारल्या गेल्या तर त्याचा फटका पूर्ण अकाउंटला बसतो आणि मग पैसेही अडकतात.

होल्ड लागल्यावर क्रमाने काय करावे?

१. घाईने दुसरे अकाउंट उघडू नका. हे नियम चुकवणे मानले जाते आणि मग पेजही धोक्यात येते.

२. बिलिंग विभागातील संदेशाचा स्क्रीनशॉट काढा. ‘पेमेंट फेल’, ‘अकाउंट निर्बंधित’ आणि ‘जाहिरात नाकारली’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

३. बँकेचे स्टेटमेंट पाहा. पैसे खरोखर गेलेत की नुसते अडकलेत?

४. पेमेंट फेल असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन वापर, लिमिट आणि मॅन्डेट तपासा, मग एकदाच पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा पुन्हा केल्यास संशय वाढतो.

५. अकाउंट निर्बंधित असेल तर बिझनेस सपोर्टच्या पानावरून फेरतपासणी मागा. ओळखपत्राचा फोटो चारही कोपरे दिसतील असा काढा. नाव, जन्मतारीख आणि प्रोफाइलवरील नाव जुळले पाहिजे.

नावाच्या बाबतीत आपल्याकडे एक खास घोळ असतो. रोमन लिपीत ‘बौद्ध’ शब्द कोणी ‘ए-यू’ घालून लिहितो, कोणी ‘ओ-यू’. पॅनकार्डावर संस्थेचे नाव एका तऱ्हेने, धर्मादाय नोंदणीत दुसऱ्या आणि पेजवर तिसऱ्याच! संस्था नोंदणीकृत असेल तर पॅन, बँक खाते आणि अ‍ॅड अकाउंट यांवर नाव अक्षरशः एकच ठेवा.

पैसे गेले, पण जाहिरात नाही

यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला केलेल्या पेमेंटमध्ये आपले पैसे कापले गेले आणि समोर पोहोचल्याची खात्री झाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्याचा माहिती क्रमांक १४४४८ आहे.

कंपनीकडून दाद मिळत नसेल तर माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे तिच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढायची असते. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. विषय पाहूनच आपल्याला अडवले असे वाटत असेल तर हाच मार्ग धरा आणि स्क्रीनशॉट जोडा.

याच काळात ‘आम्ही कंपनीच्या सपोर्टमधून बोलतोय, अकाउंट सुरू करून देतो’ असे मेसेज येतात. ओटीपी, पासवर्ड किंवा ‘अनलॉक फी’ कोणालाही देऊ नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे रोखले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

पुढच्या कार्यक्रमासाठी

अ‍ॅड अकाउंट कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी उघडा. चलन, टाइम झोन आणि पेमेंटची पद्धत सुरुवातीलाच नीट निवडा; नंतर बदलताना बहुधा नवे अकाउंटच काढावे लागते. लहान मंडळाला आधी पैसे भरण्याची पद्धत सोयीची: यूपीआयने जेवढे भरले तेवढाच खर्च आणि थकबाकीचा प्रश्न नाही. १८ टक्के जीएसटी बजेटमध्ये धरा, म्हणजे १,००० रुपयांच्या जाहिरातीला १,१८० रुपये. पहिला आठवडा रोज थोड्या रुपयांची साधी जाहिरात चालवा, मग हळूहळू वाढवा. टू-फॅक्टर सुरक्षा लावा. पेजचे अ‍ॅडमिन किमान दोघे असावेत, पण पेमेंट एकाच जबाबदार व्यक्तीने करावे.

आणि बिलाची प्रत दर वेळी उतरवून खजिनदाराकडे द्या. वर्गणीचा पैसा नाका कामगाराचा आहे, घरकाम करणाऱ्या मावशीचा आहे. जाहिरातीत अडकलेल्या पाचशे रुपयांचाही हिशेब बैठकीत मांडला गेला, तर कार्यकर्त्यावर संशय येत नाही आणि पुढच्या वर्षी वर्गणी मागायला तोंड राहते.

जाहिरात थांबली म्हणून कार्यक्रम थांबवू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, विहारातील रविवारची वंदना आणि वस्तीतली घरोघरची फेरी यांना कोणाची मंजुरी लागत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!