आधी हाड बघू!

माणसाला दात दोनदा फुकट मिळतात. पहिले वीस दुधाचे. ते पडायला लागले की घरात केवढं कौतुक! कुणी पडलेला दात कौलावर फेकतं, कुणी तुळशीत पुरतं. दुसऱ्या खेपेचे बत्तीस. ते पडू लागले की कौतुक संपलेलं असतं. साठी उलटलेल्या गृहस्थाने पडलेली दाढ तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात जावं आणि "ही बघ" म्हणावं, तर "आधी हात धुवा" एवढंच ऐकायला मिळतं. तिसऱ्या खेपेचे दात मात्र विकत घ्यावे लागतात, आणि माणसाने ते कुठून कुठून विकत घेतले ही हकिकत ऐकली तर असलेले दातही एकमेकांवर आपटू लागतात.

माझी खालची एक दाढ गेली. आमच्या एका काकांची कवळी रात्री पाण्याच्या पेल्यात हसत बसलेली मी लहानपणी पाहिली आहे. तेव्हापासून कवळीशी माझं जमत नाही. म्हणून इम्प्लांटची चौकशी केली. इम्प्लांट म्हणजे दाढेच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, आणि तो पक्का झाला की त्यावर चढवायची दाढेच्या आकाराची टोपी. मी किंमत विचारली, रंग विचारला. दंतवैद्य म्हणाले, "रंगाचं नंतर. आधी हाड बघू. तुम्ही कॅन्डिडेट आहात की नाही ते ठरू दे."

आजवर मी नोकरीसाठी, बढतीसाठी, एकदा तर सोसायटीच्या चिटणीसपदासाठीसुद्धा उमेदवार होतो. पण स्वतःच्याच तोंडातल्या रिकाम्या जागेसाठी उमेदवारी करायची पाळी प्रथमच आली. मुलाखतही कडक. मधुमेह? तीन महिन्यांची सरासरी साखर किती? सिगारेट, तंबाखू, मिशरी? हिरड्यांतून रक्त? हाडं ठिसूळ म्हणून काही गोळ्या-इंजेक्शनं? रक्त पातळ होण्याची औषधं? जबड्याला कधी रेडिएशन? रात्री दात खाता? शेवटच्या प्रश्नावर मी शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "रात्री नाही, दिवसा."

इतकी चौकशी तर हिच्या वडिलांनीही केली नव्हती! पण या चौकशीमागचा इतिहास कळल्यावर मला ती फार सभ्य वाटू लागली. कारण कित्येक शतकं माणसाने 'कुठला दात बसवावा' एवढाच विचार केला. ज्याच्या घरी जायचं त्या जबड्याला कुणी विचारलंच नाही.

इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास इटलीतले एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्टीने दात शेजारच्या दातांना बांधून ठेवत. म्हणजे दात नवा, पण भार सगळा शेजाऱ्यांवर. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची मजल आणखी पुढे गेली होती. होंडुरासमध्ये 1931 साली सुमारे इसवी सन 600 मधला एक जबडा सापडला. त्यात खालच्या पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे ठोकलेले होते. पुढे त्याचे एक्स-रे काढले, तेव्हा त्या तुकड्यांभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे तो माणूस जिवंत असतानाच हे काम झालं होतं. भूल कसली दिली असेल, याचा विचार रात्री करू नये.

अठराव्या शतकात लंडनला जॉन हंटर नावाचे थोर सर्जन होऊन गेले. त्यांनी माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात बसवून पाहिला आणि तो तिथे धरला. नमुना हंटेरियन म्युझियममध्ये आहे. कोंबड्याला त्या दाताचा काय उपयोग झाला कोण जाणे, पण श्रीमंतांच्या आशा पालवल्या. गरिबाचा दात उपटायचा आणि तो गरम असतानाच श्रीमंताच्या हिरडीत दाबायचा, अशी पद्धत सुरू झाली. 1787 साली टॉमस रोलंडसनने यावर व्यंगचित्र काढलं. त्यात चिमण्या साफ करणाऱ्या पोराचा दात निघतो आहे आणि बाईसाहेब शेजारी वाट बघत बसल्या आहेत. असे दात फार दिवस टिकत नसत. देणाऱ्याचा रोग मात्र कधी कधी घेणाऱ्याकडे टिकून राहायचा.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 1789 साली पदावर बसले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथा, अगदी शब्दशः. ती होती पाणघोड्याच्या सुळ्याची, माणसांच्या दातांची, धातूची आणि स्प्रिंगांची. 1793 साली त्यांनी केलेलं दुसऱ्या शपथविधीचं भाषण अवघं 135 शब्दांचं होतं. अशी कवळी आपल्याकडच्या काही वक्त्यांना सक्तीची करावी, असं इथवर वाचताना माझ्या मनात आलं होतं. पुढची गोष्ट वाचली आणि विनोद घशातच अडकला. त्यांच्या इस्टेटीच्या हिशेबात 1784 सालची एक नोंद आहे: गुलामांकडून नऊ दात घेतले, सहा पौंड दोन शिलिंग. दर दाताला साडेतेरा शिलिंगांच्या आसपास. ते दात कुणाच्या तोंडात बसले हे वहीत लिहिलेलं नाही. कुणाच्या तोंडातून निघाले, त्यांचीही नावं नाहीत.

1815 साली वॉटर्लूची लढाई झाली आणि रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे दात पोत्यांनी बाजारात आले. पुढे चिनी मातीचे दात सुधारले, तेव्हा कुठे हा व्यापार थंडावला.

मग धातूंची पाळी आली. 1809 साली माज्जिओलोने सोन्याचं मूळ बसवलं, 1913 साली ग्रीनफिल्डने इरिडियम-प्लॅटिनमची जाळी. पण शरीर मोठं मुत्सद्दी. परक्या वस्तूभोवती ते मऊ पेशींचं आवरण गुंडाळतं. पाहुण्याला ओसरीवर सतरंजी घालून द्यावी, पण माजघरात येऊ देऊ नये, त्यातला प्रकार. अशा सतरंजीवर बसलेला दात आज ना उद्या हलायचाच.

हे कोडं सुटलं ते दातांशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाकडून. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे डॉक्टर सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आतलं रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाने पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेना! हाड धातूला थेट चिकटून वाढलं होतं. दुसरा कुणी असता तर सशावर चिडला असता. ब्रोनेमार्क विचारात पडले. 1965 साली जन्मतः जबड्यात दोष असलेल्या चौतीस वर्षांच्या एका गृहस्थाच्या तोंडात त्यांनी पहिले स्क्रू बसवले. तो 2006 साली वारला, तोपर्यंत ते स्क्रू शाबूत होते.

दंतवैद्यांची जमात मात्र यांना जबड्यात शिरू द्यायला तयार नव्हती. 1969 साली एका सभेत एक ज्येष्ठ प्राध्यापक उठून म्हणाले, की रीडर्स डायजेस्टमध्ये झळकणाऱ्या लोकांवर माझा विश्वास नाही. हे प्राध्यापक दात कोरायच्या काड्यांची शिफारस करण्यासाठी देशभर प्रसिद्ध होते. ब्रोनेमार्क म्हणाले, की काड्यांच्या खोक्यावर जाहिरात करणाऱ्यांवर माझाही नाही. शेवटी 1982 साली टोरांटोच्या परिषदेत जगाने त्यांचं म्हणणं मान्य केलं.

त्या सशाने शिकवलं ते एवढंच: दात बसवणारा बसवतो, पण धरून ठेवतं ते जिवंत हाड. मुलाखतीतले सगळे प्रश्न त्या हाडाच्या वतीने विचारलेले असतात. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंचं फावतं. तंबाखूने रक्तपुरवठा आटतो. हिरड्यांचा रोग जुना दात घालवतो तसा नवाही घालवतो, म्हणून आधी हिरड्यांचा इलाज. ठिसूळ हाडांच्या काही औषधांनी आणि रेडिएशनने जबड्याची भरून येण्याची ताकद कमी होते. रात्री दात खाणाऱ्याचा सगळा जोर स्क्रूवर येतो. दात गेल्यावर त्या जागेचं हाड झिजू लागतं, म्हणून थ्रीडी स्कॅन काढतात. वर सायनसची पोकळी, खाली ओठाला संवेदना देणारी नस, या दोघांच्या हद्दीत शिरायचं नसतं. हाड कमी असेल तर कलम करून वाढवता येतं. वयाची अट आहे ती लहानांना, जबड्याची वाढ पुरी व्हावी लागते. म्हाताऱ्यांना वरची मर्यादा नाही. आमच्या वयाला अशी सवलत हल्ली दुर्मिळ.

तयारी तशी घरगुतीच. दात साफ करून घ्यायचे, सगळ्या औषधांची यादी न लाजता द्यायची, रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. भूल फक्त जागेपुरती असेल तर सहसा थोडं खाऊन जायला सांगतात. हाड तापलं की दुखावतं, म्हणून ड्रिलवर गार पाण्याची धार चालू असते. मग काही दिवस मऊ भात-वरण, आणि पुढे थांबणं: खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला सहापर्यंत. हाडाला घाई चालत नाही.

माझं हाड पास झालं. सध्या ते आणि तो स्क्रू एकमेकांची ओळख करून घेताहेत, आणि मी डाव्या बाजूने जेवतो आहे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण अजून खोटी ठरलेली नाही. इम्प्लांटची किंमत ऐकून अनेकजण मुकाट्याने कवळीकडेच वळतात. तेवढा फरक मात्र पडला आहे, की माझ्या दाढेसाठी दुसऱ्या कुणाला तोंड उघडावं लागलं नाही. आणि मला तासभर प्रश्न विचारले गेले. त्या हिशेबाच्या वहीतल्या नऊ दातांच्या मालकांना कुणी एकही विचारला नसेल.