काडीमोड आणि कचेरी

घटस्फोट हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ अलीकडचा. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतिताला वाळीत टाकताना करावयाचा विधी. नवराबायकोच्या फारकतीशी त्याचा संबंध नव्हता. काडीमोड हा शब्द मात्र अस्सल गावरान आहे. पंचांसमोर काडी मोडून दोन तुकडे करावयाचे, की संबंध संपला. सोडचिठ्ठी आणि फारकत हे त्याचेच लेखी सोबती.

1827 साली आर्थर स्टील या इंग्रज अंमलदाराचा दख्खनच्या जातींच्या चालीरीतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात या सोडचिठ्ठीची नोंद आहे. ब्राह्मणांत व त्यांच्या वळणाने चालणाऱ्या जातींत ही वाट बंद होती. पण कुणबी, कारागीर अशा अनेक जातींत ती उघडी होती. आपल्या समाजात विवाह अतूट होता, असे व्यासपीठावरून सरसकट सांगितले जाते तेव्हा हे बहुसंख्य लोक हिशेबातून गळतात. फार मागे जावयाचे तर कौटिल्यानेही, परस्परांचा द्वेष असेल तर काही प्रकारच्या विवाहांत मोक्ष मिळावा, असे म्हटले आहे. एकट्याच्या द्वेषाने मात्र नाही.

रीत साधी होती. दोन्हीकडची माणसे बसत, दागिने परत होत, लग्नखर्चाचा हिशेब होई आणि बाई पाट लावण्यास मोकळी होई. हे सारे गोडीनेच होत असे, असा आमचा दावा नाही. पंच पुरुष असत, आणि बाईला काय वाटते ते बहुधा तिचा बाप किंवा भाऊच सांगे. शिवाय नवऱ्याने चिठ्ठी दिलीच नाही तर?

हा प्रश्न इंग्रजी न्यायालयापुढे आला. जातीच्या संमतीने, पण पहिला नवरा हयात असताना आणि त्याने सोडलेले नसताना, एका स्त्रीचा पाट लागला. 1876 साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले, की विवाह मोडण्याचा अधिकार जातीला नाही आणि जातीवर भरवसा ठेवला हा बचाव होऊ शकत नाही. पंचांचा जुलूम त्यामुळे आटोक्यात आला असेल. पण नवऱ्याच्या मर्जीवाचून सुटण्याची बाईची एक वाटही बुजली.

रखमाबाईंचा खटला याच पार्श्वभूमीवर पाहावा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी 1884 साली दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालून मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी नांदावयास जा, नाहीतर तुरुंग, असा हुकूम दिला. बाईंनी तुरुंग पत्करीन म्हटले. वर्तमानपत्रे पेटली, टिळकांपासून मलबारींपर्यंत सारे बोलले. आणि शेवट? 1888 च्या जुलैत दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, दादाजींनी आपला हक्क सोडला. चार वर्षांत न्यायालयाला जे उलगडले नाही ते देण्याघेण्याने मिटले. पंचांनी एका बैठकीत कदाचित हेच केले असते! रखमाबाई पुढे विलायतेत डॉक्टर होऊन 1894 साली परतल्या. आम्हांला खटकते ते एवढेच, की सुटका त्यांना विकत घ्यावी लागली, आणि तीही पुरती नव्हे, कारण तडजोडीने विवाह कायद्याने मोडला नाही.

कायदा पुढे आला तो हळूहळू: मुंबई इलाख्यात 1947 साली, देशभर 1955 साली. उभयतांच्या संमतीची तरतूद तर 1976 ची. तिच्यात भांडावे लागत नाही, तरी अर्ज न्यायालयातच करावा लागतो. 1955 च्या कायद्याने 29 व्या कलमात रूढीचा काडीमोड मात्र राखून ठेवला. वरवर पाहता चावडी वाचली. परंतु 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी रूढी कोणी सांगत असेल तर ती त्याने मांडली पाहिजे व सिद्ध केली पाहिजे. म्हणजे न्यायालयावाचून मोडलेला संसार मोडला हे दाखविण्यास अखेर न्यायालयच!

म्हणून मुद्रांकाच्या कागदावर दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या तरी ती सोडचिठ्ठी टिकेलच असे नाही. ती न टिकल्यास त्या भरवशावर केलेले दुसरे लग्न मुळातच शून्य ठरते. मुलांना त्याच कायद्याच्या 16 व्या कलमाने औरस मानले आहे. त्यांच्या आईला मात्र पत्नी म्हणून उभे राहण्यास जागा उरत नाही.