रहिवासी कोणाला म्हणावे?

शिष्यवृत्ती हा शब्द आपल्या घरांत मोठ्या मानाचा आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या करारात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. पण मला त्यातली खरी गोष्ट निराळीच वाटते. पैसा देताना एका संस्थानाने एका मुलाविषयी 'हा आमचा' असे म्हटले होते. प्रत्येक शिष्यवृत्तीच्या पोटात हे एक वाक्य दडलेले असते.

ज्या अमेरिकेत तो तरुण शिकायला गेला, त्याच अमेरिकेत गेली पन्नास वर्षे या वाक्यावरून वाद चालू आहे. आईबापांनी कडेवर घेऊन आणलेले मूल तिथेच वाढते, तिथल्याच शाळेत धडे गिरवते, तिथल्याच भाषेत स्वप्ने पाहते. पण त्याच्यापाशी त्या देशात राहण्याचा परवाना नसतो. कोणी चोरवाटेने सीमा ओलांडलेली असते, कोणाच्या व्हिसाची मुदत केव्हाच संपलेली असते. असे मूल विद्यापीठाच्या दारात उभे राहिले म्हणजे त्याला कोणाचे म्हणायचे?

या इतिहासाचा आरंभ विद्यापीठात नव्हे, तर प्राथमिक शाळेत झाला. टेक्सास राज्यात टायलर नावाचे एक शहर आहे. तिथले गुलाब प्रसिद्ध आहेत, आणि त्या गुलाबांच्या शेतांत मेक्सिकोतून आलेली माणसे राबत. १९७५ साली राज्याने कायदा केला की, कागदपत्रे नसलेल्या मुलांसाठी शाळांना सरकारी पैसा मिळणार नाही. १९७७ मध्ये टायलरच्या शाळाखात्याने अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला एक हजार डॉलर फी लावली. मजुराला ती झेपण्याजोगी नव्हती. मुले घरी बसली.

चार कुटुंबांनी न्यायालयात धाव घेतली. फिर्याद लावणे म्हणजे आपण बेकायदा राहतो हे सरकारला आपणहून सांगणे! न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी लोकांच्या नजरा चुकाव्यात म्हणून सुनावणी पहाटे सहाला ठेवली. कुटुंबे आली ती मोटारीत सामानसुमान भरूनच; सुनावणीनंतर आपल्याला थेट सीमेपार धाडतील, अशी त्यांची समजूत होती. मुलाच्या शाळेसाठी आपला संसार पणाला लावणारे हे आईबाप आपल्याला काही परके वाटत नाहीत.

१५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्राचा मथितार्थ असा, की आईबापांच्या कृत्याची शिक्षा लेकरांना देता येणार नाही. आणि निरक्षरांचा एक कायमचा वर्ग निर्माण करून देशाचे कोणतेच हित साधणार नाही. शाळेचे दार उघडले. परंतु निकाल होता बारावीपर्यंतचा. त्यापुढे काय, हे त्यात नव्हते.

त्यापुढे उभी होती फी. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांत फीचे दोन दर असतात. त्या राज्याच्या रहिवाशाला एक, आणि बाहेरच्याला दुसरा. हा दुसरा पुष्कळ ठिकाणी तिप्पट किंवा त्याहूनही अधिक. कागद नसलेला मुलगा पंधरा वर्षे त्याच गल्लीत राहिला तरी बहुधा 'बाहेरचा' ठरे. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यापासून केंद्र सरकार गरीब विद्यार्थ्यांना अनुदाने आणि कर्जे देत आले आहे. तीही त्याला मिळत नाहीत. तेव्हा दार बंद नसले, तरी उंबरठा डोक्याएवढा उंच होता.

१९९६ साली केंद्राने आणखी एक अट घातली. केवळ राज्यात राहतो म्हणून अशा विद्यार्थ्याला सवलत द्यायची असेल, तर देशातल्या कोणत्याही राज्याच्या नागरिकाला ती मिळाली पाहिजे. या अटीमागचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. शेजारच्या राज्यातल्या नागरिकाने जास्त फी भरावी आणि कायदा मोडून आलेल्याने कमी, हे पुष्कळांना अन्यायाचे वाटते. पण राज्यांनी तोड काढली. 'राहतो कुठे' हे न विचारता 'शिकला कुठे' हे विचारायचे! तीन वर्षे आमच्या शाळेत शिकून जो उत्तीर्ण झाला, तो आमच्या दराने फी भरील. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये असा कायदा केला. परराज्यातला विद्यार्थीही ही अट पुरी करू शकत असल्यामुळे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो वैध ठरवला. पुढे २०११ मध्ये दोन कायदे होऊन अशा विद्यार्थ्यांना आधी खाजगी देणग्यांतून चालणाऱ्या आणि मग राज्याच्या तिजोरीतल्या शिष्यवृत्त्याही खुल्या झाल्या.

गंमत अशी की, या वाटेवर कॅलिफोर्नियाच्याही आधी पाऊल टाकले ते टेक्सासने. ज्याने मुलांना शाळेबाहेर काढले, त्याच राज्याने! जून २००१ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांनी त्या कायद्यावर सही केली. दहा वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असताना भर वादसभेत त्यांना त्याचा जाब विचारला गेला. स्वतःचा दोष नसलेल्या मुलांना शिकवू नये म्हणणाऱ्यांना हृदयच नसावे, असे उत्तर त्यांनी दिले. ते त्यांना महागात पडले.

देशभरासाठी कायदा करण्याचा प्रयत्नही २००१ मध्येच सुरू झाला. त्यामागे टेरीझा ली ही शिकागोची पियानो वाजवणारी मुलगी होती. आईबाप कोरियन, जन्म ब्राझीलचा, वाढली अमेरिकेत. संगीतविद्यालयाचे अर्ज भरताना नागरिकत्वाच्या रकान्यापाशी तिचा हात अडला. सिनेटर डर्बिन यांच्याकडे हे प्रकरण गेले आणि त्यातून 'ड्रीम' विधेयक जन्मले. त्यावरची सुनावणी ठरली होती १२ सप्टेंबर २००१ ला. आदल्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. २०१० मध्ये विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये साठ मते हवी असताना पंचावन्नांवर अडले. टेरीझा मात्र शिकली, ती खाजगी दात्यांच्या पैशावर.

टायलरच्या निकालाला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, १५ जून २०१२ रोजी, अध्यक्ष ओबामांनी अशा तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरते अभय आणि कामाचा परवाना देऊ केला. पण त्यासाठी जून २००७ पूर्वी देशात आलेले असणे आवश्यक होते. आज महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या बहुतेकांना ती तारीख गाठता येत नाही.

जिथे सरकार हटले, तिथे माणसे उभी राहिली. जॉर्जिया राज्याने २०१० मध्ये आपल्या नामांकित सरकारी विद्यापीठांचे दार या मुलांना बंद केले. दुसऱ्याच वर्षी तिथल्या काही प्राध्यापकांनी 'फ्रीडम युनिव्हर्सिटी' काढली. रविवारी वर्ग भरत, फी नसे. वॉशिंग्टन पोस्टचे माजी प्रकाशक डॉन ग्रॅहम यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये याच विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीनिधी सुरू केला. हजारो मुले त्यावर पदवीधर झाली.

आपल्या मराठी घरांनाही या प्रश्नाची झळ लागते. रीतसर व्हिसावर गेलेल्या इंजिनियरांची मुले लहानपणापासून तिथे वाढतात; कायम वास्तव्याच्या रांगेत आईबापांचा नंबर लागण्यापूर्वी एकविसावे वर्ष उलटले, की आईबापांच्या व्हिसावरचा त्यांचा हक्क संपतो. आणि ओबामांचे ते अभयही त्यांना नाही; कारण ते मिळण्यासाठी आधी बेकायदा राहिलेले असावे लागते! कायद्याच्या अशा विनोदाला हसावे की रडावे, मला कळत नाही.

४ जून २०२५ रोजी चक्र पुन्हा फिरले. केंद्र सरकारने टेक्सासच्या त्या फीसवलतीविरुद्ध दावा लावला, राज्याने विरोध तर सोडाच, त्याच दिवशी संमती दिली, आणि चोवीस वर्षांचा कायदा काही तासांत निकालात निघाला. त्याच वर्षी फ्लोरिडानेही आपली सवलत काढून घेतली. अर्धे शिक्षण झालेली मुले एका सकाळी 'रहिवासी' म्हणून उठली आणि रात्री परकी होऊन निजली.

तरीही मला निराश व्हावेसे वाटत नाही. टायलरच्या खटल्यात मुलांच्या विरुद्ध पक्षाला ज्यांचे नाव होते, ते शाळाप्रमुख जेम्स प्लायलर. पुढे अनेक वर्षांनी त्यांनीच सांगितले की, आपण तो खटला हरलो याचा आपल्याला आनंद आहे. जिंकलो असतो तर फार वाईट झाले असते. हजार डॉलरचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला ती मुले आपल्याच गावची आहेत, हे कळायला वेळ लागला. राज्यांना त्याहून अधिक लागेल, इतकेच.