परवान्याचे राज्य : उद्योग भवन ते संगणकाचा पडदा

२४ जुलै १९९१ रोजी दिल्लीत नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले आणि १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याखालील परवानापद्धती बहुतेक उद्योगांपुरती संपली. उद्योग भवनाच्या पायऱ्या झिजविणे थांबले. त्या पद्धतीचा दोष अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावा लागत नाही : आपण प्रामाणिक आहोत हे प्रामाणिक माणसानेच पुनःपुन्हा सिद्ध करायचे, चोरट्याला परवाना लागतच नाही.

गंमत अशी, की हेच ओझे लवकरच दुसऱ्या दाराने घरात शिरले. १९९४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६३ब हे कलम आले. संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवसांची कैद! तरीही नेहरू प्लेसच्या पदपथावर नकली तबकड्या विकल्या जातच होत्या. इकडे मराठी टंकनाच्या काही प्रणाल्यांसोबत संगणकाच्या मागे खोचायचे डाँगल मिळे. ते हरवले की पैसे मोजूनही टंकन बंद.

२००५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या अस्सलपणाची पडताळणी बऱ्याच डाउनलोडसाठी सक्तीची केली. २४ ऑगस्ट २००७ रोजी कंपनीच्याच सर्व्हरवर अपुऱ्या तयारीची आज्ञावली चढविली गेली आणि जगभरातील हजारो अस्सल प्रती सुमारे १९ तास नकली ठरल्या. व्हिस्टा वापरणाऱ्यांच्या काही सोयीही बंद पडल्या. चूक मानवी होती, असा खुलासा कंपनीने केला. शासकीय कार्यालयाने असे केले असते तर केवढे अग्रलेख आले असते!

ग्राहक विकत घेतो ती वस्तू नव्हे, वापराची अनुज्ञा. म्हणून घरातील सामानही घरमालक हलवितो. १९९५ पासून हाताला सवय झालेले ‘स्टार्ट’चे बटण २०१२ साली विंडोज ८ मधून नाहीसे झाले. ओरड झाली, २०१३ मध्ये बटण परतले, २०१५ मध्ये त्यामागची यादी परतली, आणि २०२१ मध्ये विंडोज ११ ने ते डावीकडून मध्यभागी नेऊन ठेवले. या फेरशिक्षणात कारकुनांचे जे तास जातात, त्यांचा रकाना कोणत्याही खरेदी-निविदेत मी पाहिलेला नाही.

पर्याय नव्हता असे नाही. सी-डॅकची ‘बॉस’ ही मुक्तस्रोत प्रणाली २००७ मध्येच आली होती. केंद्राने मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले ते मात्र २०१५ साली, आणि त्यातही अपवादाची वाट मोकळी ठेवली. सचिवालयात अपवादाची टिप्पणी लिहिणे हे नवी प्रणाली शिकण्यापेक्षा सोपे असते.