जोशी मास्तरांचा मुलगा

दिंडीच्या शताब्दी ग्रंथात एका ख्यालगायकावर लेख कशाला, असं काही माउली विचारतील. विचारावंच. दिंडीत आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळायचा असतो, बैठकीत तो एकट्याने पेलायचा असतो. पं. भीमसेन जोशींना त्या एकट्याच्या बैठकीपर्यंत पोचायला किती पायपीट पडली, ते आपण चालणाऱ्या माणसांनी तरी माहीत करून घ्यावं.

जन्म १९२२ सालचा, गदगचा. वडील गुरुराज शिक्षक. वाजतगाजत मिरवणूक निघाली की पोरगं तिच्यामागे जायचं नि दमून कुठंतरी झोपून जायचं. शोधून थकलेल्या वडिलांनी शेवटी सदऱ्यावरच लिहून ठेवलं, ‘जोशी मास्तरांचा मुलगा’. म्हणजे सापडेल तो घरी आणून सोडेल!

पण १९३३ साली, अकराव्या वर्षी, अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून ते घर सोडून गेले, ते काही लोकांनी आणून सोडण्याइतके जवळ नव्हते. खिशात पैसा नाही. तिकीट विचारलं की गाणं म्हणायचं, आणि पुढं सरकायचं. ग्वाल्हेर झालं, मग थेट जालंदर. तिथं विनायकबुवा पटवर्धन भेटले. गुरू तुझ्या मुलखातच आहे, सवाई गंधर्वांकडे जा, असं त्यांनी सुचवलं. एवढा मुलूख तुडवून शेवटी १९३६ साली कुंदगोळला, म्हणजे गदगपासून जवळच! तिथंही आधी पाणी भरणं, घरकाम, तालीम मागाहून.

१९४३ला मुंबई रेडिओवर नोकरी लागली. मग १९४६ साली सवाई गंधर्वांच्या साठीनिमित्त पुण्यात हिराबागेत गाणं झालं आणि नाव सर्वतोमुखी झालं. आपल्या नारायण पेठेतून हिराबाग पायी अर्ध्या तासाच्या आत. पुढं ते पुणेकरच झाले.

संतांचे अभंग त्यांच्या गळ्यात ठसले ते पुणे आकाशवाणीच्या राम फाटकांमुळे. नामदेवरायांच्या अभंगाला फाटकांनी चाल लावली, नि त्यातूनच पुढं ‘संतवाणी’चे कार्यक्रम उभे राहिले. वारीची वाट ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांच्या घरातही अभंग पोचला. हे ऋण मोठं आहे.

तरी आमचं मत स्पष्ट आहे. पालखीसोबत चालताना वारकरी चालच हवी. पंडितजींच्या तानेमागे चाळीस टाळकरी जाऊ शकत नाहीत, ठेका मोडतो. तरुण मंडळी यावर रुसतात. रात्री मुक्कामी पेटी निघाली की मात्र फाटकांची चाल पहिली होते, आणि विणेकरी बुवाही मान डोलावतात.